मुलांच्या पानावरचा उलटा ध्वज

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विषय : रविवारच्या मुलांच्या पानावरील ‘देशाची ओळख’ – दक्षिण कोरिया

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत मुलांच्या पानावर दक्षिण कोरियाची माहिती देणारी चौकट आली आहे. तिच्यात ध्वज उलटा छापला गेला आहे : निळा भाग वर आणि तांबडा खाली. स्थापना दिन ९ सप्टेंबर १९४८ असा दिला आहे, तो उत्तर कोरियाचा. दक्षिणेतले प्रजासत्ताक १५ ऑगस्ट १९४८ रोजी जाहीर झाले. सर्वांत उंच पर्वत म्हणून बेक्दूचे नाव आहे, तोही दक्षिण कोरियात नाही; उत्तर कोरिया आणि चीन यांच्या सरहद्दीवर आहे. एवढ्याशा चौकटीत तीन चुका. छपाईतली चूक म्हणून मी पान उलटले असते, पण या बाबतीत ते जमले नाही. त्याची कारणे सविस्तर लिहिते.

मी बडोद्यात दांडिया बाजारात राहते. ध्वज, पताका आणि तोरणे शिवणे हे आमचे घरचे काम. सासूबाई गणपती मंडळांचे आणि देवळांचे भगवे ध्वज शिवत. पुढे शाळा-कॉलेजांच्या कार्यक्रमांसाठी देशोदेशीचे ध्वज मागायला लोक येऊ लागले आणि तो भाग माझ्याकडे आला. आमच्या वाड्यातल्या एका मुलीला शाळेच्या १५ ऑगस्टच्या प्रदर्शनात दक्षिण कोरिया हा देश मिळाला आहे. ती आपल्या पानाचे कात्रण घेऊन आली आणि म्हणाली, “काकू, अगदी असाच शिवून द्या, पेपरात आलाय.” पेपरात आलाय म्हणजे बरोबरच असणार, हा तिचा विश्वास. इथे आमची मुले गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. घरात मराठी बोलतात, पण मराठी वाचायचे म्हटले की त्यांच्यासाठी रविवारचे आपले एक पानच उरते. आम्ही आयाबाया ते पान राखून ठेवतो आणि मुलांना मोठ्याने वाचायला लावतो. म्हणून त्या पानावरचा शब्द आणि चित्र मला फार मोलाचे वाटते.

आता ध्वजाविषयी. कोरियाच्या ध्वजाला तिथे थेगुक्गी म्हणतात. शिवणाऱ्याची परीक्षा पाहणारे जे थोडे ध्वज आहेत, त्यांतला हा एक. पांढरी जमीन, मधोमध तांबड्या-निळ्याचे वर्तुळ आणि चार कोपऱ्यांत काळ्या पट्ट्यांचे चार संच. सगळी मापे एकमेकांशी बांधलेली आहेत. ३६ इंच लांब आणि २४ इंच रुंद ध्वज घेतला, तर वर्तुळाचा व्यास १२ इंच. प्रत्येक काळी पट्टी ६ इंच लांब, १ इंच रुंद, दोन पट्ट्यांमधली फट अर्धा इंच. वर्तुळाच्या कडेपासून पट्ट्या ३ इंचांवर. वर्तुळ सरळ आडवे कापायचे नसते : डाव्या वरच्या कोपऱ्यापासून उजव्या खालच्या कोपऱ्यापर्यंत दोरा ताणायचा आणि तांबड्या-निळ्याची नागमोडी रेघ त्या दोऱ्याला धरून आखायची. काळ्या पट्ट्याही कर्णाला काटकोनात बसतात. पुठ्ठ्याचा साचा न करता नुसत्या अंदाजाने कापड कापले, की वर्तुळ कलंडल्यासारखे दिसते.

पट्ट्यांचा क्रम मुलांना सहज सांगता येतो. डावीकडे वर तीन अखंड पट्ट्या, म्हणजे तीन तुकडे, हे आकाश. डावीकडे खाली मधली पट्टी तुटलेली, म्हणजे चार तुकडे, हा अग्नी. उजवीकडे वर पाच तुकडे, हे पाणी. उजवीकडे खाली तिन्ही तुटलेल्या, सहा तुकडे, ही पृथ्वी. तीन, चार, पाच, सहा. कोरियातली मुले हाच हिशेब पाठ करतात. आपल्या चित्रात सहा तुकडे डावीकडे वर गेले आहेत, म्हणजे पृथ्वी वर आणि आकाश खाली. शेजारच्या मुलीला मी हे मोजून दाखवले तेव्हा तिने आपणहून कात्रण फिरवून धरले. आपल्या कलाविभागातल्या कोणीही हे तुकडे मोजले असते तर अर्ध्या मिनिटात चूक सापडली असती.

हा ध्वज तिथल्या लोकांच्या हातून काय काय सोसून आला आहे, ते समजल्यावर तो उलटा पाहणे मला अवघड जाते. १८८२ साली जपानला निघालेल्या कोरियन वकिलातीच्या प्रमुखाने, पाक योंग-ह्यो यांनी, आगबोटीवर तो वापरासाठी सिद्ध केला आणि १८८३ मध्ये तिथल्या राजसत्तेने तो देशाचा ध्वज म्हणून जाहीर केला. १९१० मध्ये जपानने कोरिया गिळंकृत केला आणि पुढची ३५ वर्षे हा ध्वज बाळगणे हाच गुन्हा झाला. १ मार्च १९१९ रोजी सोलमधल्या बागेत स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला गेला आणि देशभर मिरवणुका निघाल्या. लोकांच्या हातात होते ते घरी रंगवलेले ध्वज. कुठे कुठे लाकडी ठसे कोरून कापडावर आणि कागदावर उमटवलेले.

यू ग्वान-सुन ही त्या वेळची शाळकरी मुलगी. सोलमधली तिची शाळा बंद पडली तेव्हा ती गावी परतली, शेजारपाजारच्या लोकांना गोळा केले आणि १ एप्रिलला औने गावच्या बाजारात हाताने केलेले ध्वज वाटले. गोळीबार झाला. तिचे आईवडील तिथेच मारले गेले. ती स्वतः २८ सप्टेंबर १९२० रोजी सोलच्या सोदेमुन तुरुंगात वारली, वयाची अठरा वर्षेही पुरी झाली नव्हती. जालियनवाला बाग त्याच वसंतातली, १३ एप्रिलची. औनेच्या बाजारानंतर बाराव्या दिवसाची. आमच्या मुलांना जालियनवाला शाळेत शिकवतात. त्याच पंधरवड्यात आशियाच्या दुसऱ्या टोकाला काय चालले होते, हे आपल्या पानाने त्यांना सांगितले असते तर किती चांगले झाले असते.

जिन्ग्वान्सा हे सोलजवळच्या डोंगरातले बौद्ध मंदिर. २००९ साली तिथल्या एका जुन्या वास्तूची दुरुस्ती चालू असताना भिंतीच्या आतून कापडाचे गाठोडे निघाले. कापड म्हणजे थेगुक्गी होता, आणि तो जपानी ध्वजावरच काढलेला होता : जपानी ध्वजातल्या तांबड्या गोळ्याचा अर्धा भाग गडद रंगवून त्याचे कोरियन वर्तुळ केलेले आणि कोपऱ्यांत पट्ट्या ओढलेल्या. शिवणकाम करणारी बाई म्हणून मी त्याचे छायाचित्र पुष्कळ वेळ पाहत बसले होते. कापड नवे मिळत नव्हते म्हणून असेल किंवा मुद्दाम असेल, पण ज्याने ते केले त्याचा हात कापरा नव्हता. आणि संपादक महाशय, त्या ध्वजात काय गुंडाळलेले होते? वर्तमानपत्रे. १९१९ सालची स्वातंत्र्य चळवळीची, चोरून छापलेली वर्तमानपत्रे. पत्रे जपायला ध्वज आणि दोन्ही जपायला भिंत, अशी ती सुमारे नव्वद वर्षे राहिली.

वर्तमानपत्राचीच आणखी एक हकिगत आहे, आणि हे पत्र लिहायला मी बसले ते मुख्यतः तिच्यामुळे. ९ ऑगस्ट १९३६ रोजी बर्लिन ऑलिंपिकची मॅरेथॉन सोन गी-जोंग या कोरियन धावपटूने जिंकली, २ तास २९ मिनिटे आणि काही सेकंदांत. तिसरा आला तो नाम सुंग-योंग, तोही कोरियन. दोघांनाही जपानी नावाने, जपानी ध्वज छातीवर लावून धावावे लागले. बक्षीस समारंभात सोन मान खाली घालून उभा राहिला आणि विजेत्याला मिळालेले ओकचे रोपटे त्याने छातीवरच्या त्या ध्वजासमोर धरले. सोलच्या ‘डोंग-आ इल्बो’ या दैनिकाने तो फोटो छापला तेव्हा त्याच्या अंगातल्या बनियनवरचा जपानी ध्वज पुसून टाकला होता. क्रीडा वार्ताहर इ गिल-योंग आणि त्यांचे सहकारी तुरुंगात गेले, पत्र सुमारे नऊ महिने बंद राहिले. ‘केसरी’तल्या लेखांसाठी १९०८ साली टिळकांना मंडालेची सहा वर्षे झाली, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. ‘डोंग-आ’ची माणसे त्याच पंक्तीतली. रवींद्रनाथ ठाकूरांनी कोरियासाठी लिहिलेल्या ओळी १९२९ साली याच पत्राने छापल्या होत्या. एका पत्राने दुसऱ्याचा ध्वज फोटोतून काढला म्हणून नऊ महिने कुलूप सोसले. त्या लोकांचा स्वतःचा ध्वज दुसऱ्या पत्राने निदान सुलटा छापावा, एवढीच माझी अपेक्षा आहे.

सोन गी-जोंग पुढे खूप जगला. १९८८ साली सोलला ऑलिंपिक झाले तेव्हा पंचाहत्तरी ओलांडलेला तो म्हातारा मशाल घेऊन मैदानात आला. आणि ९ ऑगस्ट १९९२ रोजी, म्हणजे त्याच तारखेला, बार्सिलोनाची मॅरेथॉन ह्वांग योंग-जो या दक्षिण कोरियन धावपटूने जिंकली. ते पाहायला सोन तिथे हजर होता.

चौकटीत ‘राष्ट्रीय फूल : जास्वंद’ असे छापले आहे. हे पुष्कळसे बरोबर आहे, पण गणपतीला वाहतो ती तांबडी जास्वंद ही नव्हे. तिच्याच कुळातले हे थंड हवेत टिकणारे झुडूप. पाकळ्या पांढऱ्या, गुलाबी किंवा जांभळट आणि पोटात गडद तांबडा ठिपका. तिथे त्याला मुगुंगह्वा म्हणतात. एक फूल एक दिवसच टिकते, पण झाडावर रोज नवी फुले येतात आणि जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत बहर चालू राहतो. जपानी अमलात नामगुंग ओक नावाचे गृहस्थ खेड्यात जाऊन या झुडपाची रोपे वाढवत आणि शाळांना, घरांना वाटत. १८९८ साली ‘ह्वांगसोंग सिनमुन’ हे वृत्तपत्र काढणाऱ्यांपैकी ते. रोपे वाटली म्हणून १९३३ साली त्यांना अटक झाली. आज कोरियाच्या राजचिन्हात मधल्या वर्तुळाभोवती याच फुलाच्या पाच पाकळ्या आहेत, आणि ध्वजकाठीच्या टोकाला याच फुलाची कळी बसवतात. ही कळी मी पितळी मण्याला आकार देऊन करून घेते. सोनेरी रंगाच्या गोल मण्यावर भागवणे मला पटत नाही.

बेक्दू पर्वताची चूक कशी झाली असेल, हे मी समजू शकते. दक्षिण कोरियाच्या राष्ट्रगीताची सुरुवातच पूर्वेचा समुद्र आणि बेक्दू पर्वत यांच्या उल्लेखाने होते. पर्वत दुसऱ्यांच्या ताब्यात, पण गाण्यात मात्र आपला. आपल्या राष्ट्रगीतात सिंध आहे, तेव्हा ही भावना आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. बडोद्यात फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबे कितीतरी आहेत. १५ ऑगस्टला ती आमच्याबरोबर उभी राहून तो शब्द म्हणतात. कोरियाचे हे गीत आधी एका स्कॉटिश लोकगीताच्या चालीवर म्हणत. आताची चाल परदेशात राहणाऱ्या आन इक-थे या संगीतकाराने १९३५च्या सुमारास बांधली. दक्षिणेतला सर्वांत उंच पर्वत हवा असेल तर तो हल्लासान, जेजू बेटावरचा ज्वालामुखी. उंची १९४७ मीटर. आपल्या मुलांना हा आकडा एकदा सांगितला की पुरे.

क्षेत्रफळ, लोकसंख्या, नाणे हे आपण बरोबर दिले आहे. एक लाख चौरस किलोमीटर, म्हणजे गुजरातच्या साधारण निम्मे, आणि माणसे पाच कोटींच्या वर. फक्त ‘चलन : वॉन’ एवढ्यावर थांबू नये असे वाटते. तिथल्या पाच हजारांच्या नोटेवर यी आय हा विद्वान आहे आणि २००९ साली आलेल्या पन्नास हजारांच्या नोटेवर त्याची आई, शिन साइमदांग. सोळाव्या शतकातली ही बाई फुले, पाने आणि किडे यांची चित्रे काढी, भरतकामही करी. मुलापेक्षा आईची नोट दहापट मोठी, हे कळल्यावर आमच्या गल्लीतल्या मुली टाळ्या वाजवायला लागल्या. दहा हजारांच्या नोटेवर राजा सेजोंग आहे. त्याने १४४६ साली लोकांसाठी नवी लिपी जाहीर केली, आणि तिच्यात व्यंजनांची मूळ अक्षरे उच्चाराच्या वेळी जीभ, ओठ, दात आणि घसा कसे असतात त्यावरून आखली आहेत. आमची कवर्ग-चवर्गाची मांडणी शिकलेल्या मुलाला यात लगेच गोडी वाटते. ९ ऑक्टोबरला दक्षिण कोरियात या लिपीसाठी सुट्टी असते. लिपीसाठी राष्ट्रीय सुट्टी देणारा देश आपल्या मुलांनी ओळखायलाच हवा.

उत्तर आणि दक्षिण यांची सरमिसळ मोठमोठ्या ठिकाणीही झाली आहे, हे खरे. २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फुटबॉलच्या सामन्याआधी उत्तर कोरियाच्या मुलींच्या नावांपुढे पडद्यावर दक्षिणेचा ध्वज झळकला. त्या मैदान सोडून गेल्या आणि सामना तासाभराने सुरू झाला. २०२४ मध्ये पॅरिसच्या उद्घाटनात दक्षिणेच्या चमूला उत्तरेच्या नावाने पुकारले गेले, त्याची ऑलिंपिक समितीला जाहीर माफी मागावी लागली. पण आपण मराठी माणसांनी या दोन देशांतली रेघ विसरू नये, त्याला एक वेगळे कारण आहे. १९५३ साली युद्ध थांबले तेव्हा घरी परत जायला नकार देणाऱ्या हजारो युद्धकैद्यांचा सांभाळ भारतीय फौजेकडे आला. त्या फौजेचे प्रमुख होते मेजर जनरल एस. पी. पी. थोरात, आपल्या कोल्हापूरकडचे. दोन्ही कोरियांच्या मधल्या निर्लष्करी पट्ट्यात आपल्या जवानांनी छावणी उभारली आणि तिला नाव दिले हिंदनगर. दोन्ही बाजू संशयाने पाहत असताना, बळाचा कमीत कमी वापर करून त्यांनी ते अवघड काम निभावले. त्याआधी १९५० पासून लेफ्टनंट कर्नल रंगराज यांचे भारतीय वैद्यकीय पथक तिथल्या रणांगणावर जखमींवर उपचार करत होते. कोरियाच्या चौकटीत एक ओळ थोरातांची आली असती, तर मुलांना तो देश एकदम जवळचा वाटला असता. ती जागा आपण ‘प्रसिद्ध : मोबाइल, मोटारी, मालिका’ यांना दिली. त्या गोष्टी मुलांना आमच्यापेक्षा जास्त माहीत आहेत.

१५ ऑगस्ट हा कोरियातही स्वातंत्र्याचा दिवस आहे. १९४५ साली त्या दिवशी जपानी राजवट संपली. त्या दिवशी तिथे घरोघरी हा ध्वज लावतात. आपल्याकडे तिरंगा त्याच सकाळी चढतो. म्हणून विनंती अशी की त्याआधीच्या रविवारी मुलांच्या त्याच पानावर, तेवढ्याच आकारात, ध्वज सुलटा छापावा आणि तारीख व पर्वत दुरुस्त करावेत. आतल्या पानाच्या तळाशी ‘चुकीची दुरुस्ती’ म्हणून दोन ओळी आल्या तर मुले त्या वाचणार नाहीत.

दुसरी विनंती सदराबद्दल. राजधानी, चलन, फूल, प्राणी अशी यादी मुले परीक्षेपुरती पाठ करतात आणि सोडून देतात. प्रत्येक देशाचे एकच चिन्ह घ्या, पण ते कोणी काढले, कोणी लपवले, त्यासाठी कोण तुरुंगात गेले हे पुरे सांगा. जागा तेवढीच लागेल. ध्वजांची मापे हवी असतील तर माझ्याकडे पुष्कळ देशांचे साचे मापांसह कागदावर काढून ठेवलेले आहेत; आपल्या कलाविभागाला मी ते विनामूल्य पाठवीन. पुढच्या भागात मंगोलिया येणार असे आपण जाहीर केले आहे. त्या ध्वजावरचे पिवळे सोयोंबो चिन्ह काठीच्या बाजूला, म्हणजे डावीकडच्या तांबड्या पट्ट्यावर असते, आणि चिन्हाच्या टोकाशी ज्वाला असते, ती वर यायला हवी. छपाईला जाण्याआधी एवढे कृपया पाहून घ्यावे.

कळावे,
आपली नियमित वाचक
दांडिया बाजार, बडोदे